बावीस पाठी

"काढ तो ड्रेस. आत्ताच्या आत्ता काढ. कुणी घालायला सांगितला तुला?"

मॅडम माझ्या पोरीला असं म्हणल्या. भर हॉलात. तीस बायकांसमोर.

शीतल माझी तेरा वर्षांची हाय. ती स्टेजच्या कडेला उभी होती, पांढऱ्या साटीनच्या ड्रेसमध्ये, दोन्ही हात वर करून. मीच तिला तसं उभं केलं होतं, काखेतली शिवण ताणती का बघायला. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळं मला पटकन बोलताबी आलं न्हाई.

मॅडम पुढं आल्या. पोरीला हात लावला न्हाई, ड्रेसलाबी लावला न्हाई. लांबूनच बोट दाखवलं आन माझ्याकडं बघून म्हणल्या, "माझ्या मुलीचा ड्रेस आहे तो. तुझ्या पोरीच्या अंगाला लागलेला माझी मुलगी घालणार? काही वाटतं का तुला?"

आन मी काय केलं? तोंडातल्या टाचण्या हातावर काढल्या आन म्हणलं, "सॉरी मॅडम."

पोरीला पडद्यामागं नेलं. माझ्याच हातानं तिच्या पाठीचे हूक काढले. अकरा हूक होते. मीच लावलेले, मीच काढले. बाहेर एक बाई म्हणत होती, "जाऊ द्या हो, ड्रायक्लीन करून घेऊ." दुसरी म्हणली, "ड्रायक्लीन कशाला? नवीनच शिवून घ्या." जसं काय कापडावर कुत्रं मुतून गेलं होतं.

स्टेजच्या मागं मोठा बॅनर होता. त्याच्यावर लिहिलं होतं, नृत्य सर्वांचं, लातूर सर्वांचं.

आता हे सगळं कशाचं चाललं होतं ते सांगते. आमच्या लातुरातल्या बड्या घरच्या बायकांचा एक क्लब हाय. कुणाच्या नवऱ्याचा दवाखाना, कुणाच्या नवऱ्याचे कोचिंग क्लास. ह्या मॅडम त्या क्लबच्या मुख्य. आधी त्या हळदीकुंकू करायच्या, मग दांडिया करायला लागल्या, मग झुंबा. औंदा त्यांना बॅलेचं खूळ लागलं. मॅडमची पोरगी सुट्टीत पुण्याला बॅले शिकून आली, तिचा व्हिडिओ ग्रुपवर फिरला, आन झालं. कार्यक्रम ठरला. मॅडमच्या पोरीचा नाच आन त्याच्यानंतर बायकांची फॅशन परेड. बॅलेवरून काढलेले कपडे घालून बायका चालणार. कंबरेला ताटासारखा आडवा पसरलेला नेटचा झगा, त्याला टुटू म्हणतात. वर अंगाला घट्ट बसणारी साटीनची चोळी. पायाला घोट्यापर्यंत रिबिनी.

नाचता एकीलाबी येत नव्हतं. टाच उचलायला सांगितली की भिंत धरायच्या. पण हौस बघा. एकीनं टुटूला पैठणीचा काठ लावून मागितला. एकीनं विचारलं, "आतून परकर घातला तर चालेल ना?" सगळ्यांनी पायात स्किन कलरचे लेगिंग घातले होते. गुलाबी. म्हणे स्किन कलर. आमच्या लातुरात उन्हात वाळलेल्या माणसांमध्ये ती गुलाबी स्किन कुणाची हाय, मला एकदा दाखवा. मॅडमच्या हातापायाचा रंग माझ्याहून दोन बोटं काळाच हाय. पण ते बोलायचं न्हाई.

हे काम माझ्याकडं आलं ते काय माझ्यावरच्या मायेनं न्हाई. त्यांचं बुटीक ठरलेलं हाय मेन रोडला. त्या बुटीकवाल्या ताईंना हे जमलं न्हाई. नेटचे दहा थर चुणीला धरायचे, चोळीत पट्ट्या घालायच्या, तरी हात वर केला की चोळी वर चढली न्हाई पाहिजे. मी लग्नाआधी नांदेडला चार वर्षं गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं देणाऱ्या दुकानात शिवत होते. परीचे, राजाराणीचे, मोराचे. मला येतं ते. म्हणून माझ्याकडं.

पण मी मांगाची. माझं दुकान कुठल्या गल्लीत हाय ते सगळ्यांना ठाव. त्यामुळं मापाचं काय करायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. मॅडमचा ड्रायव्हर आला आन एक मोठी थैली ठेवून गेला. आत बावीस मापाचे ब्लाऊज. प्रत्येकीच्या ब्लाऊजवर चिठ्ठी टाचलेली. फोनवर मॅडम म्हणल्या, "टेप वगैरे नको. ब्लाऊजवरून घे अंदाज." त्याच बायका बुटीकवाल्या ताईला घरी बोलावतात, समोर उभ्या राहून माप देतात, चहा पाजतात. मला म्हाईत हाय. त्या ताईनंच मला सांगितलं.

बरं, मापाचा ब्लाऊज कसा असतो? बाईचा लग्नातला, न्हाईतर पहिलं पोर व्हायच्या आधीचा. जो अंगाला सगळ्यात छान बसायचा तो पाठवतात, आज बसतो तो न्हाई पाठवत. मी शिवणारी हाय, मला कळतं. त्यावरून साडीवरचा ब्लाऊज शिवला तर दोन टाके उसवून भागतं. पण ह्या चोळीला तसं चालत न्हाई. माणसानं श्वास घेतला, हात वर केला, कंबरेत वाकलं, तर शिवण कुठं ताणती ते जित्या अंगावर बघावं लागतं. मी मॅडमला तीनदा म्हणलं, एकदा ट्रायलला तरी या. त्या म्हणल्या, "तुझं तू बघ ना गं, तुला येतं म्हणूनच दिलंय."

मग मी माझं मी बघितलं. आमच्या गल्लीत सगळ्या मापाच्या बाया हायत. जाड, बारीक, उंच, बुटक्या. चिठ्ठी वाचायची, अंदाजानं दोन बोटं वाढवायची, आन त्या मापाची बाई गल्लीतून बोलवायची. माझ्यासंग काम करणाऱ्या रझियाआपानं चार ड्रेस अंगावर घालून बघितले. माझ्या जावेनं तीन. पलीकडच्या झाडूवाल्या आक्कांनी डॉक्टरीणबाईचा घातला. आक्का टुटू घालून मशिनीभवती गरागरा फिरल्या. आम्ही हसून हसून पार आडवे झालो. दोन आठवडे दुकानात नुसती जत्रा होती. आन मॅडमच्या पोरीच्या मापाला शीतल बरोब्बर बसली. उंची तीच, खांदा तोच.

शीतलनं मोबाईलवर बघून हात कसे धरायचे ते शिकून घेतलं होतं. कोपर कुठं ठेवायचं, मान कशी न्यायची. ती ड्रेस घालून उभी राहिली की मी टाचण्या लावायचं विसरून बघत बसायचे. लई छान दिसायची. माझी पोरगी हाय म्हणून सांगत न्हाई.

म्हणून त्या दिवशी, सगळे ड्रेस हॉलवर घेऊन बोलावलं तव्हा, मी तिलाबी नेलं. मॅडमची पोरगी ट्यूशनला गेली होती. काखेत जरा ओढ वाटत होती. मी शीतलला म्हणलं, घाल पटकन, बघून घेते. एवढाच माझा गुन्हा.

तो ड्रेस पिशवीत घालून तिथून घरी आलो. दुकानात रझियाआपा काजं करत बसली होती. तिनं तोंडं बघूनच ओळखलं. सगळं ऐकलं आन म्हणली, "क्या गे, तू चुप बैठ के आ गई?"

शीतल म्हणली, "चुप न्हाई बसली. सॉरी म्हणली."

मग माझ्याकडं वळून विचारलं, "मम्मी, माझ्या अंगाला काय झालंय?"

चांगल्या आईनं काय म्हणलं असतं ते मला आज सुचतं. त्या दिवशी मी म्हणलं, "गप बस. जेवून घे." एवढंच. पोरगी जेवली न्हाई. आन मला माझाच इतका राग आला की मी मशीन उगाच रिकामी फिरवत बसले.

माझा बाप हलगी वाजवायचा. मुखेडच्या अंगाला सगळ्या खेड्यात लग्नाला त्याला बोलवायचे. त्याच्या हलगीवर नवरदेवाचे मामे-काके घामाघूम होईस्तोवर नाचायचे. जेवायची वेळ झाली की बापानं मांडवाच्या बाहेर, खरकट्याच्या कडेला बसायचं. आई त्याला म्हणायची, जाऊ द्या, मान खाली घालून खा आन या. मी ते ऐकत ऐकत मोठी झाले. शिकले, मशीन घेतली, दुकान टाकलं, पाटी लावली. वाटलं, आपण मांडवाच्या आत आलो. आन एका झटक्यात सॉरी मॅडम. टाचण्या तोंडातून काढल्या काढल्या सॉरी किती सटकन बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "नवीन शिव. तो मला नको. रविवारी पाच वाजता कार्यक्रम आहे, त्याआधी दे." मी साटीन काढलं. खडू घेतला. शीतलला हाक मारली, ये, खांदा बघू दे. ती आली न्हाई. पुस्तक घेऊन माझ्याकडं पाठ करून बसून राहिली. मी कात्री खाली ठेवली. कुणासाठी कापायचं हे? कशापायी?

तोच ड्रेस घेतला. इस्त्री केली. नव्या प्लास्टिकात घातला आन शनिवारी सकाळी स्वतः नेऊन दिला. मॅडमनी उलटासुलटा करून बघितला. मग म्हणल्या, "हं. नवीन म्हणजे नवीन. बघ, हातात घेतल्यावरच फरक कळतो."

मी जिन्यात येईपर्यंत हसू दाबून धरलं. दुकानात येऊन रझियाआपाला सांगितलं तर ती खुर्चीवरून पडायची बाकी होती. "फरक कळता बोले?" असं पुन्हा पुन्हा म्हणून हसली. मी शीतलकडं बघितलं. वाटलं, आता ही हसंल. ती हसली न्हाई. म्हणली, "पण त्यांना कुठं ठाव हाय? त्यांना तर वाटून राहिलं की तू त्यांचं ऐकलंस."

माझं हसू तिथंच गेलं. खरंच होतं ते. माघारी हसायचं आन तोंडावर सॉरी म्हणायचं. आमच्या आयांनी जिंदगीभर तेच केलं. त्यांच्या पाण्याच्या हंड्यात चोरून बोट बुडवायचं, घरी येऊन हसायचं. बेज्जती आपल्या पदरात आन मजाबी चोरून. असलं हसणं काय कामाचं?

रविवारी मी शीतलला बळंच संग नेलं. ती नको म्हणत होती. तिला काय दाखवायचंय ते मला नीट ठाव नव्हतं. पण ती माझ्यासमोर पाहिजे होती.

स्टेजच्या मागच्या खोलीत बावीसजणी तयार. एकवीस बायका आन मॅडमची पोरगी. त्या चोळीचं एक असतं. नुसत्या हुकांवर भरवसा ठेवता येत न्हाई, नाचताना सुटतात. म्हणून ऐन वेळी, अंगावर चढवल्यावर, पाठीला सुईदोऱ्यानं टाके घालून बंद करायची. नंतर दोरा कापायचा. मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मॅडमच्या पोरीला शिकवणाऱ्या पुण्याच्या टीचरनंबी फोनवर तेच सांगितलं होतं. स्वतःचं स्वतःला हे करताच येत न्हाई. आपली पाठ कुणाच्या तरी हातात द्यावीच लागते.

तर बावीस पाठी माझ्यासमोर ओळीनं. उघड्या, पावडर लावलेल्या. मी दोरा ओवला. शीतल दारापाशी उभी होती.

तेवढ्यात मॅडमनी पर्समधून हातमोजे काढले. केसाला मेंदी लावायला पार्लरमध्ये घालतात तसले, पातळ प्लास्टिकचे. माझ्यापुढं धरले. पुढं धरले म्हणजे टेबलावर टाकले.

"हे घाल आणि मग कर. घामाचे डाग पडतात."

मेकअपवाल्या पोरी तिथंच होत्या. उघड्या हातानं ह्यांची तोंडं रंगवत होत्या, ओठ पुसत होत्या. त्यांच्या घामाचे डाग पडत नव्हते.

मी शीतलकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघून राहिली होती. काय करती आता मम्मी, एवढंच तिच्या डोळ्यात होतं. मला कळलं, आज जर मी ते मोजे घातले तर ही पोरगी जिंदगीभर घालंल.

मी सुई पिनकुशनला खोचली. म्हणलं, "मॅडम, मोजे घालून सुई धरता येत न्हाई. आन मी धरणारबी न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा हात चालत नसंल तर टाका घालणार न्हाई. आन दुसरं ऐका. तुमच्या पोरीच्या अंगावर हाय तो तोच ड्रेस हाय. नवीन शिवलाच न्हाई मी. माझ्या शीतलनं घातलेला तोच. तुम्हाला फरक कळला होता ना हातात घेतल्यावर?"

मी थांबले न्हाई. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, एकदा तोंड उघडल्यावर ते थोडंच थांबतंय.

"आन हे सगळेच. बावीसच्या बावीस. तुम्ही माप दिलं न्हाई, मग मी आमच्या गल्लीतल्या बायांच्या अंगावर बसवले. डॉक्टरीणबाई, तुमचा आमच्या झाडूवाल्या आक्कांनी घालून बघितला. लई छान बसला होता. तुमचा माझ्या जावेनं. तुमचा रझियाआपानं. आता काढा. काढायचे ना? मांगाच्या अंगाला लागलेले हायत."

मॅडमची पोरगी बिचारी खरंच घाबरली. तिनं हळूच विचारलं, "मम्मी, मग काढू का?"

मॅडम म्हणल्या, "गप. घालून ठेव. पाहुणे आलेत."

हे मी माझ्या कानानं ऐकलं. शीतलनंबी ऐकलं.

आन मग मी एकेकीचं तोंड बघितलं. बाहेर फोटोवाले आले होते, पाहुणे खुर्चीवर बसले होते, माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. बावीसपैकी एकीनंबी ड्रेस काढला न्हाई. एकीनंबी न्हाई! तीन दिवसांमागं विटाळ झाला होता, आज फोटो निघणार म्हणल्यावर विटाळ उडून गेला. असली ह्यांची जात आन असला ह्यांचा धरम. ह्याच्यापायी माझा बाप खरकट्याच्या कडेला बसला. माझ्या पोटात त्या दिवसापर्यंत ह्या बायकांची भीती होती. ती तिथंच गेली. आता नुसती किळस येते.

डॉक्टरीणबाई तेवढी म्हणली, "अहो, टाके तरी घाला, मग जा."

मी म्हणलं, "सेफ्टीपिना लावा."

आन शीतलचा हात धरून निघाले. दाराबाहेर माईकवर कुणीतरी सांगत होतं की कलेला जात नसते. टाळ्या पडल्या. मागं खोलीत सेफ्टीपिनांसाठी पर्सा उलट्यापालट्या होत होत्या. फोटो मी नंतर बघितले. सगळे पुढूनच काढलेले. हात कुणाचा खांद्याच्या वर गेला न्हाई.

त्याच्यानंतर जे व्हायचं ते झालं. बड्या घरांच्या त्या भागातून काम यायचं बंद झालं. ग्रुपवर म्हणे लिहिलं, तिला फार माज आलाय. आलाय. आमच्याकडं ताठ उभं राहिलं की त्याला माज म्हणतात, हे आम्हाला लहानपणापासून पाठ हाय. नवराबी आठ दिवस कुरकुरला. म्हणला, मोजे घातले असते तर काय बिघडलं असतं? मी त्याला म्हणलं, मग तू घालून बस.

मी गल्लीतल्या सगळ्या शिवणाऱ्या बायांकडं गेले. माझी सोडून सहा मशिनी हायत आमच्याकडं. म्हणलं, ह्यांचं काम घ्यायचं न्हाई, स्वतः येऊन समोर उभ्या राहिल्या तरच घ्यायचं. दोघी हो म्हणल्या. तिघी गप बसल्या. एकीनं पुढच्याच आठवड्यात तिथली थैली घेतली, तिचा नवरा आजारी हाय. घेऊ दे. मी तिच्या दारात जाऊन भांडणार न्हाई. पण मी घेणार न्हाई.

परवा क्लबातून एका बाईचा फोन आला. आवाज लई गोड. म्हणली, "झालं गेलं विसरून जा. पुढच्या कार्यक्रमात तुमच्या मुलीला एक स्पेशल आयटम देऊ. वस्तीतली मुलगी आणि बॅले, पेपरलाही येईल. मुलीचं भलं होईल."

म्हणजे आता तिलाच स्टेजवर उभं करायचं, आन तिच्याकडं बोट दाखवून आपल्या मोठ्या मनाचा फोटो काढून घ्यायचा. मी म्हणलं, "शीतल नाचंल का न्हाई ते शीतल ठरवंल. तुमच्या स्टेजवर न्हाई." आन फोन ठेवला.

शीतलला सांगितलं. वाटलं, खूष होईल. ती म्हणली, "हे तू त्या दिवशीच म्हणायला पाहिजे होतं."

हाव. त्या दिवशीच म्हणायला पाहिजे होतं. पोरीनं मोबाईलवरचे ते व्हिडिओ बघायचं सोडलंय. हात वर करून उभी राहत न्हाई. तो पांढरा ड्रेस दुसऱ्याच्या कपाटात हाय. ते मी परत आणून देऊ शकत न्हाई. मी रविवारी काय बोलले ते तिला आठवतं, पण त्याच्या आधी मी सॉरी म्हणले तेबी आठवतं. तिनं मला अजून माफ केलेलं न्हाई. करू बी नये. मी मागणारबी न्हाई. फक्त त्या पोरीच्या डोळ्यासमोर, कुठल्याबी हॉलात, कुठल्याबी मॅडमपुढं, माझी मान आता खाली जाणार न्हाई. पोटाला चिमटा बसला तरी न्हाई.